आक्काच्या होडीची बॅटरी

आमच्या घरी कोणी आलं की आधी पाणी मागतं. भानूअण्णा आधी भिंतीवरचं घड्याळ मागतात. ते मांडीवर घेतात, मागचा सेल काढतात, गळ्यातल्या मीटरच्या दोन्ही सुया सेलच्या टोकांना लावतात, डोळे बारीक करून आकडा वाचतात आणि "अजून चार म्हैनं जातंय" असं सांगून सेल परत बसवतात. मग चहा. या तपासणीत घड्याळ दोन-तीन मिनिटं बंद राहतं. अण्णांचं सगळ्या गल्लीत जाणं-येणं, त्यामुळे आमच्या गल्लीची वेळ उरलेल्या सोलापूरच्या थोडी मागे असते. शाळेत उशीर झाला की आमच्याकडची मुलं हेच कारण सांगतात. मी त्याच शाळेत शिकवते, म्हणून मला ते मान्य करावं लागतं.

अण्णा एका बस गॅरेजच्या बॅटरीखात्यात तेहतीस वर्षं होते. निवृत्त होताना मिळालेली शाल त्यांनी पेटीत ठेवली आणि स्वतःच्या पैशानं घेतलेला मीटर गळ्यात घातला. तो आंघोळीपुरता काढतात असं ते म्हणतात. डावी बाही अ‍ॅसिडनं चाळणी झालेली आहे आणि नवा शर्ट आणला तरी महिन्याभरात तोही त्याच वाटेनं जातो. निवृत्त माणसाच्या बाहीवर अ‍ॅसिड येतं कुठून, हे विचारायच्या भानगडीत मी पडत नाही. गल्लीतल्या प्रत्येक इन्व्हर्टरचे ते फॅमिली डॉक्टर आहेत.

माणसांची पारखही ते याच हिशेबानं करतात. त्यांच्या भाषेत व्होल्ट म्हणजे दिसणं आणि अ‍ॅम्पियर म्हणजे दम. माझ्या पुतणीला बघायला मुलगा आला होता. गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. अण्णा नेमके तेव्हाच दारात. त्यांनी मुलाला खालून वर न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बारा व्होल्ट पुरतं हाय, वैनी. पर लोड टाकून बगा." मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी मुलाला खाली नेलं आणि रिक्षातलं ज्वारीचं पोतं वर आणायला सांगितलं. मुलगा जिन्यात मध्येच बसला. त्याचे वडील लाल झाले, आमचे हे पांढरे पडले. मग तो उठला आणि पोतं वर घेऊन आला. "मधी बसला, पर उटला की," अण्णा म्हणाले, "हेच बगायचं असतंय." लग्न झालं, पुतणी सुखात आहे. जावई मात्र अजून आमच्याकडे येताना आधी जिन्यात पोतं वगैरे आहे का बघतो.

चूक ऐकली की अण्णांना राहवत नाही. शेजारी पूजेला कुणीतरी म्हणालं की बॅटरीत नळाचं पाणी घातलं तरी चालतं. अण्णा प्रसादाचा द्रोण हातात घेऊन उभे राहिले आणि त्या गृहस्थांना अर्धा तास समजावत होते. शिरा थंड झाला, गुरुजी पुढच्या घरी गेले, तरी हे थांबेनात. वय, मानपान, प्रसंग यातलं काहीही बॅटरीपेक्षा मोठं नाही, असं त्यांचं मत आहे.

अण्णांची बायको, आमच्या काकू, जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. आहे ती एकच मोठी बहीण, कौसाक्का. जेऊरला उतरून वडापच्या जीपनं पाऊण तास गेलं की उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर तिचं गाव आहे. तिथं मासेमारी नवरा-बायको मिळून करतात. बाई वल्हं मारते, माणूस जाळं सोडतो. आक्कानं चाळीस वर्षं वल्हं मारलं. दाजी गेल्यावर जाळंही तिच्याच हातात आलं. आता ती सहासष्ट वर्षांची आहे आणि दोन्ही कामं एकटी करते. उजवा खांदा कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, वल्हं बंद करा, नाहीतर हात डोक्याच्या वर जाणार नाही. लेक पुण्याला बोलावून थकली. आक्काचं उत्तर एकच होतं, "तितं खिडकीतनं काय चिलापी गावतीय व्हय?"

तेव्हा अण्णांनी जाहीर केलं की आक्काच्या होडीला मोटर लावायची. तीही करंटवरची. कारण तेलावरच्या इंजिनाला दोरी ओढून चालू करावं लागतं आणि ओढायला खांदा लागतो. त्यांचं म्हणणं एकदम बरोबर होतं. मला वाटलं, महिन्याभरात काम होईल. सतरा महिने लागले.

पहिले चार महिने बॅटरीत गेले. गाडीची बॅटरी त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केली. "तिचं काम म्हंजी एकदा जोर लावायचा आन बसायचं. दिसभर हळूहळू देत ऱ्हायाचं तिच्या रक्तात न्हाय." मग इन्व्हर्टरची उंच बॅटरी. ती दिवसभर देते, पण वजन साठ किलो. "म्हंजी होडीत एक माणूस कायमचा बसवला. आन त्यो वल्हंबी मारत न्हाय." मग लिथियम. बारा किलोचा डबा, आक्का एका हातानं उचलेल. मला वाटलं आता सुटलो. अण्णा गंभीर झाले. "वैनी, शिशाची बॅटरी दमत दमत मरतीया. मोटरचा आवाज उतरतो, माणसाला कळतंय, काठ गाठता येतो. लिथियम शेवटपतोर फुल पळतंय आन न सांगता बंद पडतंय. आसल्याचा भरवसा कसा धरायचा?"

मग मोटर. पाणी मागं रेटायची तिची ताकद पौंडात मोजतात, हे मला आता झोपेतही सांगता येतं. तीस पौंडांची घेतली तर दुपारच्या वाऱ्यापुढं टिकायची नाही, पंचावन्नची घेतली तर बॅटरी खाऊन टाकेल. दांडा आखूड असला तर पंखा हवेत फिरेल, लांब असला तर काठाच्या गाळात रुतेल. जाळं पंख्यात अडकलं तर काय, जलपर्णी गुंडाळली तर काय. मोटर कुणी दाखवली की अण्णांचा प्रश्न ठरलेला, "जायाचं ऱ्हाऊ द्या. परत यायाला किती ऱ्हातंय, ते सांगा." दुकानदार त्यांना लांबून बघितलं की जेवायला जायचे. सकाळी दहा वाजतासुद्धा.

दर रविवारी एक नवा प्रश्न निघायचा आणि तो घेऊन अण्णा सकाळच्या गाडीनं जेऊरला जायचे. एका रविवारी जाळ्याच्या फासाचं माप. एका रविवारी वारा कुठून येतो ते. एकदा होडीच्या मागच्या फळीची जाडी, ती पुढच्या रविवारी परत, कारण आधी मोजताना फळी ओली होती. मग आक्काचं वजन. ते मासे तोलायच्या काट्यावर करायचं ठरलं. "म्या काय मरळ हाय व्हय रं?" असं म्हणून तीन रविवार ती काट्यावर चढली नाही. चौथ्या रविवारी चढली, तर अण्णांनी तिला विचारलं, "आन जेवल्यावर किती भरशील?" त्या दिवशी आक्कानं त्यांना उपाशी पाठवलं, असं ते म्हणाले. पण पिशवीत भाकरी आणि सुक्या माशांची चटणी होती, ती मी पाहिली.

शेवटी एका दुकानदारानं वैतागून मोटर चार दिवस घरी न्यायला दिली. अण्णांनी ती चालवून बघायला आमचा हौद निवडला. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि आदल्याच दिवशी आलं होतं, म्हणजे हौद काठोकाठ. मी शाळेत. आमचे हे घरी होते, पण यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. अण्णांनी हौदावर फळी टाकली, फळीला मोटर कसली, मागं ओढ मोजायचा ताणकाटा बांधला आणि मोटरचा वेग शेवटच्या पाचावर नेला. मी आले तेव्हा गल्लीत गुडघाभर नसलं तरी घोटाभर पाणी होतं, समोरच्यांचे उडदाचे पापड भिजले होते आणि अण्णा नखशिखान्त ओले होऊन मला सांगत होते, "बेचाळीस पौंड, वैनी. कंपनीनं चाळीस लिवलेत." हौदात तळाला वीतभर पाणी राहिलं होतं. पुढचे चार दिवस अण्णांनी स्वतःच्या टाकीतलं पाणी कळशीनं आणून आमच्या हौदात ओतलं आणि स्वतः न धुतलेल्या शर्टावर फिरले. मला रागावताही येईना.

राग आला तो नंतर. आक्का सोलापूरला खांद्याचा फोटो काढायला आली आणि आमच्याकडे उतरली. सकाळी आरशासमोर उभी होती. फणी केसांपर्यंत नेताना हात कानाशीच थांबला. डाव्या हातानं उजवा कोपर वर ढकलून तिनं भांग पाडायचा प्रयत्न केला. मी फणी घेतली आणि तिचा अंबाडा घातला. ती म्हणाली, "भानूला सांगू नगंस." मी लगेच जाऊन सांगितलं.

नुसतं सांगितलं नाही, तोंडाला येईल ते बोलले. "अण्णा, सतरा महिने झाले. तुमच्या बहिणीला स्वतःची वेणी घालता येत नाही आणि तुम्ही फळ्या मोजताय. तुम्हाला मोटर घ्यायचीय की नुसतं जेऊरला फिरायचंय?" अण्णा स्टुलावर बसले होते. त्यांनी मीटरची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. घरी येऊन मला वाईट वाटलं, पण बोललेलं परत घ्यावंसं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी चाळीस पौंडांची मोटर आणि लिथियमचा डबा घेतला. डबा न सांगता बंद पडतो म्हणून त्याला एक छोटा मीटर जोडला आणि निम्म्यावर आलं की कर्कश ओरडणारा भोंगा बसवला. "आता सांगंल," म्हणाले. रविवारी आमच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. माढ्यापर्यंत अण्णांनी डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

गावात पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. अण्णांनी मोटर होडीच्या मागच्या फळीला कसली, डबा बसायच्या फळीखाली बांधला, दोन्ही वल्ही होडीतच ठेवायला लावली आणि आक्काला समोर उभं करून तोंडी परीक्षा घेतली.

"ह्यात पानी घालायचं?"

"न्हाय."

"आसिड बगायचं?"

"न्हाय. झाकण उघडायचं न्हाय, धा वर्सं कायबी बगायचं न्हाय. चौथ्या बारीला सांगतूयास."

"भोंगा वाजला की?"

"माघारी फिरायचं. आता जाऊ का?"

आक्का बसली, मूठ फिरवली आणि होडी आवाज न करता निघाली. वल्ह्याचा छपछपाट नाही, इंजिनाची फडफड नाही. काठावरच्या दोन-तीन बायका धुणं थांबवून बघत राहिल्या. पाठमोरी आक्का ताठ बसली होती आणि लहान होत गेली. अण्णा खिशातलं घड्याळ बघत होते आणि दर मिनिटाला मला सांगत होते की किती टक्के राहिले असतील.

अर्ध्या तासानं होडी पार मध्यावर असताना थांबली.

आधी आम्हाला वाटलं, जाळं टाकत असेल. पण जाळं उचलताना माणूस वाकतं, हलतं. आक्का हलत नव्हती. होडी हळूहळू आडवी झाली. तेवढ्यात वारा सुटला आणि पाण्यावर बारीक लाटा उठायला लागल्या. अण्णांचा चेहरा उतरला. "बंद पडलं," ते म्हणाले, "न सांगता बंद पडलं. म्या म्हणत व्हतो." त्यांनी हाक मारली. तेवढ्या लांब हाक कशी जाणार? दुसरी होडी काठाला नव्हती, सगळ्या पहाटेच पाण्यात गेलेल्या. आक्काला त्या खांद्यानं वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवत यावं लागणार होतं. घाई मी केली होती. सतरा महिने हा माणूस याच एका गोष्टीला भीत होता आणि मी त्याला घाबरट समजून बोलले होते.

अण्णांना पोहता येत नाही. कोळ्याच्या घरात जन्मून पाण्याला भिणारा म्हणून लहानपणी गाव त्यांना हसायचं आणि म्हणूनच ते सतराव्या वर्षी सोलापूरला आले. ते चपलांसकट पाण्यात शिरले. घोटे, मग गुडघे. आमच्या ह्यांनी धावत जाऊन त्यांचा हात धरला. अण्णा तसेच उभे राहिले, गळ्यातला मीटर मुठीत घट्ट धरून, आणि पुटपुटत होते, "वल्हं मारू नगंस, आक्का. वाईच थांब. वल्हं मारू नगंस."

पाच मिनिटं झाली असतील, दहा झाली असतील. मग होडीचं तोंड वळलं. वल्ही वर उचललेली दिसेनात. होडी सरळ रेषेत, लाटा कापत, आमच्याकडे यायला लागली. जवळ येत गेली तसा आक्काचा हिरवा पदर दिसला, मग चेहरा, मग मोटरच्या मुठीवर सैल ठेवलेला डावा हात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी पुसलंही नाही. इतकं हायसं मला लेकीच्या बाळंतपणानंतर कधी वाटलं नव्हतं.

"काय झालं व्हतं?" अण्णांचा आवाज फुटत होता. "बंद पडलं व्हतं का?"

"म्याच बंद केली," आक्का म्हणाली.

"कशापायी?"

"बसायला." तिनं मांडीवरचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. "चाळीस वर्सं त्या पान्यावर जातीया. मधी आपुन कदी नुसतं बसलोच न्हाय. थांबलं की होडी वाहून जायाची भ्या, मग वल्हं. आज म्हणलं, हात मोकळं हायती, माघारी न्यायला हे हाय. बसले वाईच. बरं वाटलं रं."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि लहान मुलासारखे रडले. पाण्यात उभे राहूनच. आक्का होडीतून म्हणाली, "भाईर ये आदी. चपला वाहून चालल्यात तुज्या." एक चप्पल ह्यांनी पकडली, दुसरी गेली.

मग सगळं सुरळीत झालं. मीटरवर एकाहत्तर टक्के होते. अण्णांनी दोनदा वाचले. आक्कानं चुलीवर कालवण चढवलं. आम्ही अंगणात बसलो आणि अण्णा पाने, पक्कड, टेप एकेक करून पिशवीत भरू लागले. फार सावकाश भरत होते. मी म्हटलं, "झालं की अण्णा मनासारखं. आता तोंड का पाडलंय?"

"झालं न्हवं," ते हळू आवाजात म्हणाले. "आता काय काम काडून यायाचं हितं? कुनाच्या दारात बिनकामाचं उबं ऱ्हायाला मला जमत न्हाय, वैनी. ती गेल्यापासनं ऐतवार लई मोटा हुतोय." ती म्हणजे काकू. मग त्यांनी पिशवीची चेन लावली आणि ती नीट लागली आहे का हे बघितलं.

सतरा महिन्यांची फळी, फास, वारा, मासे तोलायचा काटा, सगळं एकदम माझ्या लक्षात आलं आणि मी केलेल्या भांडणाची मला लाज वाटली.

आक्का चुलीपुढून उठली, पदराला हात पुसत दारात आली. तिनं ऐकलं होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही. ती म्हणाली, "भानू, ह्या डब्याचा मला काय भरवसा वाटत न्हाय बग. दर ऐतवारी येऊन त्यातलं पानी बगत जा."

मी अण्णांकडे पाहिलं. दोन तासांपूर्वी त्यांनी याच बाईकडून हेच चार वेळा घोकून घेतलं होतं. पूजेत उभं राहून अर्धा तास भाषण करणारा माणूस हा. आमच्या ह्यांनी तर खरं सांगायला तोंड उघडलंच होतं. मी ह्यांच्या पायावर पाय दिला.

"व्हय," अण्णा म्हणाले, "बगावंच लागतंय. लिथियमचं काय सांगता येत न्हाय."

पुढच्या रविवारी सकाळी मी दारात रांगोळी काढत होते. अण्णा नव्या चपला घालून स्टेशनला निघाले होते. खांद्याला भाकरीपुरती मोकळी पिशवी, आणि हातात बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याची पाच लिटरची बाटली. त्या डब्याला पाणी घालायला भोकसुद्धा नाही. मी म्हटलं, "सांभाळून जा अण्णा." ते म्हणाले, "जातो की. उशीर हुतोय, आक्का वाट बगत आसंल."